हेवीवेटमधला सर्वांत दहशतीचा बॉक्सर कोण? माझं मत : सनी लिस्टन

गिरणाकाठ (भडगाव)

राम राम मंडळी.

यंदा गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या फडाला बसलो होतो. एक चांगला तयार पोरगा, तालमीत रोज घाम गाळणारा. जोड ठरली, दोघं मातीत उतरले. समोरच्याने शड्डू ठोकला, याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि याचे खांदेच पडले. अजून हाताला हात लागला नव्हता. शेजारी बसलेले आप्पा एवढंच म्हणाले, "गया तो." मिनिटभरात पोरगा चितपट.

घरी आलो तरी डोक्यातून ते खांदे जाईनात. मग आठवली २५ सप्टेंबर १९६२ ची शिकागोतली लढत. फ्लॉइड पॅटरसन जगज्जेता होता. हेलसिंकी ऑलिंपिकचं सुवर्ण, २१ व्या वर्षी हेवीवेटचा किताब, आणि गेलेला किताब परत मिळवणारा पहिला हेवीवेट. हा माणूस सनी लिस्टनशी लढायला आला तेव्हा सामानात खोटी दाढी घेऊन आला होता. हरलो तर लोकांना तोंड दाखवायला नको, म्हणून. २ मिनिटं ६ सेकंदांत तो खाली पडला आणि खरंच ती दाढी लावून स्टेडियमच्या बाहेर पडला.

माझी दहशतीची व्याख्या हीच. किती नॉकआउट केले ते नंतर बघू. घंटा वाजायच्या आधी समोरच्याने काय केलं ते सांगा.

लिस्टन उंचीने फार नव्हता, सहा फुटांच्या थोडा वर. पण दोन्ही हात पसरले की बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत ८४ इंच. मुठी एवढ्या मोठ्या की ग्लोव्हज घालताना अडचण व्हायची. रिंगमध्ये येताना झग्याच्या आत खांद्यांवर टॉवेल कोंबायचा, आहे त्यापेक्षा रुंद दिसावं म्हणून. रेफरी सूचना देत असताना पापणीही हलवायची नाही. आणि मग तो डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा. इतरांचा जॅब अंतर मोजायला असतो, याच्या जॅबने माणसं बसायची. पॅटरसनपेक्षा तो त्या रात्री सुमारे ११ किलोंनी जड होता, तेही विसरू नका.

अर्कान्साच्या शेतमजुराचं पोर. घरात बरीच भावंडं, जन्माचं वर्षसुद्धा नक्की नाही. बापाच्या माराचे वळ मोठेपणीही पाठीवर होते. लिहिता-वाचता येत नव्हतं. बॉक्सिंग शिकला तो मिझुरीच्या तुरुंगात, तिथल्या पाद्र्याने नादाला लावलं म्हणून.

२२ जुलै १९६३ ला लास वेगासला पॅटरसन पुन्हा उभा राहिला. पुन्हा पहिल्याच फेरीत निकाल. आता तुम्ही सांगा, याच्यावर कोण?

---

पांझरा_वारा (धुळे)

दादा, लिस्टनबद्दल आदर आहे. पण तुमचीच व्याख्या घेतली तरी उत्तर माइक टायसन येतं.

२७ जून १९८८, अटलांटिक सिटी. मायकल स्पिंक्स. ३१ लढतींत एकही हार नाही, ऑलिंपिक सुवर्ण. त्याच्या बाजूचा माणूस टायसनच्या ग्लोव्हजची बांधणी तपासायला गेला आणि तिथेच कुरबुर झाली. टायसनने तोवर ड्रेसिंग रूमच्या भिंतींवर ठोसे मारून सगळ्यांना धडकी भरवली होती. स्पिंक्स रिंगकडे चालत येतो तो भाग बघा. चेहऱ्यावर रक्त नाही. ९१ सेकंदांत दोनदा पडला आणि संपलं. त्यानंतर तो व्यावसायिक लढत लढलाच नाही.

आणि टायसन दिसायला कसा? उंची जेमतेम १७८ सेंटिमीटर, हेवीवेटमध्ये बुटकाच. लिस्टनला टॉवेल कोंबावे लागले. टायसनने उलट सगळं काढून टाकलं. झगा नाही, मोजे नाहीत, काळी चड्डी, काळे बूट आणि मधोमध भोक पाडून गळ्यात अडकवलेला टॉवेल. कामावर निघालेल्या माणसासारखा यायचा. लोकांना भीती त्या साधेपणाचीच वाटायची.

२२ नोव्हेंबर १९८६ ला ट्रेव्हर बर्बिकला एकच ठोसा बसला. तो उठायला गेला आणि पडला, पुन्हा उठला, दोरखंडावर गेला, पुन्हा पडला. एका ठोशात तीनदा. टायसन तेव्हा २० वर्षं ४ महिन्यांचा. आमच्याकडे त्या वयाची पोरं एसटी स्टँडवर कॉलेजच्या गाडीची वाट बघत असतात.

---

केळीबाग (रावेर)

जॉर्ज फोरमन. २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका. ज्यो फ्रेझियर तोपर्यंत एकही लढत हरला नव्हता, त्याने मुहंमद अलीला हरवलं होतं. फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. शेवटच्या ठोशांपैकी एकाने तर फ्रेझियरचे पाय जमिनीवरून उचलले गेले. पुढच्या वर्षी काराकासला केन नॉर्टनही दोनच फेऱ्यांत. नॉर्टनने अलीचा जबडा मोडला होता, हे ध्यानात घ्या.

याहून जास्त काय लिहू? केळीचे घड कापायला निघालोय.

---

डोंगरगाव_वाला (साक्री)

मना मते टायसनच भो. त्यानी मान देखी का तुम्ही? बैलनी मान से ती.

---

जंक्शन_७४ (भुसावळ)

नमस्कार. मी रेल्वेतून निवृत्त. १९७४ साली नोकरीला नवा होतो. आफ्रिकेतल्या किन्शासाच्या अली-फोरमन लढतीची बातमी पेपरात वाचली तेव्हा यार्डातल्या चहाच्या टपरीवर आम्ही तासभर त्याच विषयावर बोलत होतो. फोरमन ४० पैकी ४० जिंकलेला, त्यातले ३७ नॉकआउट. अली ३२ वर्षांचा. आमच्यातल्या एकालाही अली जिंकेल असं वाटलं नव्हतं. अली जिवंत परत येतो की नाही, एवढीच काळजी होती. ३० ऑक्टोबरला त्याने दोरखंडाला पाठ लावून मार खाल्ला आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला पाडलं.

रावेरकर भाऊंच्या मुद्द्याला एक जोड देतो. फोरमनने स्वतः पुढे अनेकदा सांगितलंय की किंग्स्टनला फ्रेझियरसमोर त्याचे गुडघे थरथरत होते. त्याने फ्रेझियरच्या डोळ्यांत डोळे रोवले ते एवढ्यासाठी की फ्रेझियरची नजर खाली गुडघ्यांवर जाऊ नये. लोक पन्नास वर्षं त्या नजरेला घाबरत आले.

ती नजर तो शिकला कुठे? लिस्टनकडे. तरुणपणी तो लिस्टनचा सराव-साथीदार होता. मला मागे सरकवणारा एकच माणूस भेटला, तो लिस्टन, असं फोरमन सांगायचा. त्यामुळे माझं मत भडगावच्या दादांना.

पण त्या लिस्टनला हरवलं कोणी, हेही लिहायला हवं. २५ फेब्रुवारी १९६४, मायामी बीच. कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहंमद अली, तेव्हा २२ वर्षांचा. त्याआधी रात्री-बेरात्री बस घेऊन लिस्टनच्या दारात जाऊन आरडाओरडा केला. वजनाच्या वेळी एवढा थयथयाट केला की नाडीचे ठोके १२० मोजले गेले आणि अडीच हजार डॉलरचा दंड झाला. ड्रेसिंग रूममध्ये मात्र शांत. लिस्टनला वाटलं, हे पोरगं वेडं आहे. तुरुंगात राहिलेल्या माणसाला दांडग्याची भीती नसते, वेड्याची असते. वेडा काय करेल ते सांगता येत नाही. सहा फेऱ्या झाल्या आणि सातवीला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही.

---

लाल_माती (चोपडा)

जंक्शन काका, फार छान लिहिलंत.

मी तालमीतला माणूस आहे, बॉक्सिंग नंतर बघायला लागलो. भीतीने अंगात काय होतं ते सांगतो, कारण कुस्तीत आणि बॉक्सिंगमध्ये ते एकच आहे. पहिली जाते ती दमछाक. माणूस श्वास वर धरतो, छातीत. मग खांदे कानाकडे चढतात. मुठी नको तेव्हा आवळल्या जातात आणि दंड दोन मिनिटांत शिशासारखे होतात. खडाखडीत वस्ताद लोक समोरच्याचे खांदे बघतात, डोळे नंतर. खांदा चढला की पट काढायला (पाय धरून पाडायला) जायचं, तो हलणार नाही. बॉक्सिंगमध्ये खांदा चढलेला माणूस ठोसा येताना बघतो, पण डोकं हलवायला उशीर करतो. स्पिंक्स, पॅटरसन दोघांच्या लढती या नजरेने पुन्हा बघा.

आता जुना माणूस. जॅक डेम्प्सी, ४ जुलै १९१९, टोलेडो. जेस विलर्ड साडेसहा फुटांचा, डेम्प्सीपेक्षा २५ किलोंहून जड. पहिल्या फेरीत सात वेळा खाली. त्या काळी पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जायचा नियम नव्हता. डेम्प्सी पडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभा राहायचा, तो गुडघ्यावरून उठतोय तोवर पुढचा ठोसा. विचार करा, उठायचं कोणाच्या समोर? पुढे तो नियम आला आणि १९२७ साली जीन टनीविरुद्ध डेम्प्सीलाच भोवला. टनी पडला होता, हा लगेच कोपऱ्यात गेला नाही, रेफरीने मोजणी उशिरा सुरू केली, टनीला जादा सेकंद मिळाले आणि तो लढत जिंकला.

ज्यो लुईसला कोणी विसरू नका. २५ वेळा किताब राखला. २२ जून १९३८ ला मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत. आणि चेहरा कसा, शेतावर पाण्याची पाळी धरायला निघालेल्या माणसासारखा शांत. मला व्यक्तिशः त्याचीच जास्त भीती वाटली असती.

---

पांझरा_वारा (धुळे)

अर्नी शेव्हर्सचं नाव कसं आलं नाही? ७४ विजय, त्यातले ६८ नॉकआउट. १९७७ ला अलीला असा हाणला की आफ्रिकेतल्या माझ्या पूर्वजांनासुद्धा हादरा बसला असं अली म्हणाला होता. १९७९ ला लॅरी होम्सला सातव्या फेरीत आडवा केला. होम्स कसा उठला ते आजही कळत नाही.

आत्ताच्या काळात डिऑन्टे वायल्डर. सलग ४० लढती जिंकल्या होत्या, त्यात एक सोडून सगळे नॉकआउट. १ डिसेंबर २०१८ ला बाराव्या फेरीत टायसन फ्युरीला पाडलं, आणि फ्युरी मेलेला माणूस उठावा तसा उठला.

---

गिरणाकाठ (भडगाव)

शेव्हर्सच्या ठोशाबद्दल वाद नाही. पण समोरचे त्याच्याशी लढायला येत होते, मोठ्या आशेने येत होते. दम कमी आहे, दहाव्या फेरीपर्यंत टिकलो तर जिंकू, असा हिशोब असायचा. जिथे हिशोब मांडता येतो तिथे ती दहशत नाही. वायल्डरचंही तेच.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, मुलींना बॉक्सिंग शिकवते. सगळं वाचलं, मन लावून वाचलं. एक गोष्ट मात्र इथे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

टायसनला १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि तो तीन वर्षं तुरुंगात होता. त्या मुलीलाही तो माणूस दहशतीचाच वाटला असेल, आणि तिच्या बाजूला ना रेफरी होता ना घंटा. माझ्या वर्गात भिंतीवर कोणाचं चित्र लावायचं हे ठरवताना मी हे विसरू शकत नाही. त्याची तंत्रं मी शिकवते. हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाला, डोकं सतत हलतं. उंचीने कमी असलेल्या मुलींना त्याहून चांगली पद्धत नाही. पण चित्र नाही लावत.

आता भीतीबद्दल. कस डामाटो हा एकच प्रशिक्षक या धाग्यातल्या दोन टोकांना उभा आहे, हे कोणी लिहिलं नाही. पॅटरसन त्याचाच आणि टायसनही त्याचाच. पॅटरसनने लिस्टनशी लढू नये असं कसचं मत होतं, पॅटरसनने ऐकलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच कसने तेरा वर्षांच्या टायसनला हाताशी धरलं आणि शिकवण कायम तीच : भीती ही चुलीतल्या विस्तवासारखी आहे, ताब्यात असली तर भाकरी भाजते, सुटली तर घर जाळते. (चूल आणि भाकरी माझी. मुलींना मी असंच सांगते. कस नुसता विस्तवच म्हणायचा.) टायसन विजेता झालेला बघायला कस राहिला नाही, १९८५ च्या नोव्हेंबरात गेला.

आणि त्या टायसनचं १९८२ चं चित्रीकरण आहे. ज्युनिअर ऑलिंपिकची लढत, सोळा वर्षांच्या आसपासचं पोर, आत जायच्या आधी बाहेर प्रशिक्षकाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतंय. हरलो तर कोणी मला आपलं म्हणणार नाही, ही भीती. आत गेलं आणि जिंकलं. मी ते मुलींना दरवर्षी दाखवते. मोठ्या टायसनचं काहीच दाखवत नाही.

---

डोंगरगाव_वाला (साक्री)

ताई, हे माले म्हाईत नव्हतं. तुम्हनं बरोबर से.

---

गिरणाकाठ (भडगाव)

ताई, तुमच्या पहिल्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. लिस्टनही धुतल्या तांदळाचा नव्हता. सशस्त्र दरोड्यात आणि पोलिसाला मारहाण केल्याबद्दल आत जाऊन आला होता. त्याच्या लढतींची सूत्रं गुंडांच्या टोळीच्या हातात होती. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, राहिलं.

पण तुम्ही रडणाऱ्या पोराचं लिहिलंत तेव्हा मला लिस्टनची एक गोष्ट आठवली, ती मनातून जात नाही. शिकागोला किताब जिंकून तो विमानाने फिलाडेल्फियाला निघाला. तेव्हा तो तिथे राहायचा. विमानात बसून शेजाऱ्याला सांगत होता की आता मी चांगला विजेता होऊन दाखवीन, लोकांना अभिमान वाटेल असा. उतरल्यावर काय बोलायचं त्याची मनातल्या मनात तयारी. विमानाचं दार उघडलं. खाली स्वागताला कोणी नव्हतं. चार-दोन बातमीदार आणि विमानतळाचे कामगार, बस. टाय नीट केला, खांदे सरळ केले आणि चालू लागला.

आमच्याकडे तालुक्याची कुस्ती जिंकली तरी गुलाल उधळतात, डफ लावतात, खांद्यावरून घरापर्यंत आणतात, आई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते. हा जगातला सर्वांत ताकदवान माणूस, आणि दारात कोणी नाही. ज्याला सगळे घाबरतात त्याला घ्यायला कोण येणार?

१९७१ च्या जानेवारीत लास वेगासच्या घरात तो मृत सापडला. बायको बाहेरगावी होती, काही दिवस होऊन गेले होते. थडग्यावर नाव आणि वर्षं, खाली दोनच शब्द. 'एक माणूस.'

---

जंक्शन_७४ (भुसावळ)

वाचून गलबललो.

आपल्याकडचं एक नाव लिहून ठेवतो, कारण नव्या पोरांना माहीत नसतं. पंजाबचा कौर सिंग. १९८० च्या जानेवारीत अली दिल्लीला आला होता तेव्हा प्रदर्शनीय लढतीत त्याच्यासमोर चार फेऱ्या उभा राहिला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हेवीवेटचं सुवर्ण. २०२३ मध्ये गेला. त्याच्यासारखा साधा माणूस अलीसमोर जातो आणि उभा राहतो, ही गोष्ट मला लिस्टनच्या नजरेइतकीच मोठी वाटते.

---

नवा_पंच (नंदुरबार)

सगळ्यांना नमस्कार. मी १७ वर्षांचा आहे, पहिल्यांदाच लिहितोय. दोन वर्षं बॉक्सिंग करतो. पुढच्या आठवड्यात माझी लढत आहे. समोरच्या मुलाने मागच्या दोन्ही लढती पहिल्याच फेरीत संपवल्या. त्याचे व्हिडिओ मी रोज रात्री बघतो आणि झोप लागत नाही. जेवणही जात नाही. घरी सांगितलं नाही. या धाग्यातल्या पॅटरसनसारखं माझं होईल असं वाटतंय. काय करू?

---

लाल_माती (चोपडा)

पहिलं म्हणजे व्हिडिओ बंद कर, आजपासून. दोनदा बघायचे, तेही दिवसा आणि प्रशिक्षकाजवळ बसून : तो डाव्याने सुरुवात करतो का, मारल्यावर हात कुठे ठेवतो, एवढंच. रात्री बघतोस ती त्याची लढत नाही, तुझी भीती आहे.

रिंगमध्ये गेल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास, सोडताना लांब. खांदे एकदा कानापर्यंत मुद्दाम उचल आणि सोडून दे. तीनदा. आम्ही आखाड्यात उतरताना माती अंगाला चोळतो, त्यात हेच होतं, हात खांद्यांवरून फिरतात आणि खांदे सैल पडतात.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

बाळा, प्रशिक्षकांना आजच सांग. झोप नाही, जेवण नाही हे त्यांना कळायलाच हवं. त्यात लाज कसली? आणि आईलाही सांग.

माझी एक मुलगी पहिल्या लढतीआधी उलट्या करत होती. मी तिला घाबरू नकोस असं म्हटलंच नाही. म्हटलं, घाबरलेली असतानाच पहिला जॅब टाक, मग दुसरा टाक. पहिल्या अर्ध्या मिनिटात पाच जॅब मोजून टाकायचे, लागोत न लागोत. मोजायला लागलं की डोक्याला दुसरं काही करायला वेळ नसतो.

---

गिरणाकाठ (भडगाव)

पोरा, मी पॅटरसनबद्दल अर्धंच लिहिलं, ती चूक माझी. दाढी लावून पळालेला तो माणूस दहा महिन्यांनी त्याच लिस्टनसमोर परत उभा राहिला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पुन्हा पडला. आणि त्यानंतरही नऊ वर्षं लढत राहिला, १९७२ पर्यंत. मी घाबरलो होतो, मला लाज वाटली होती, हे त्याने उघडपणे सांगितलं. लिस्टनला हे कधी बोलता आलं नाही.

सरकारी नोकरी करणारा साधा माणूस आहे मी, तंत्र मला कळत नाही. लढत झाली की इथे लिही. निकाल काहीही असो.

---

नवा_पंच (नंदुरबार)

लढत झाली. हरलो, पाच पंचांत तीन-दोन असा निकाल गेला. तिन्ही फेऱ्या पूर्ण खेळलो.

आईला सांगितलं होतं. ती आणि मामा बघायला आले होते. सरांना सांगितल्यावर त्यांनी दोन दिवस फक्त दोरी आणि जॅब करून घेतलं.

रेफरीने मध्ये बोलावलं तेव्हा त्याने माझ्याकडे डोळे रोखले. मला फोरमनचं आठवलं म्हणून मी खाली बघितलं. त्याचे गुडघे हलत होते.

पाच जॅब मोजले. तिसरा लागला. पण नंतर माझा डावा हात परत येताना खाली पडत होता आणि तो त्यावरून उजवा मारत होता, दुसरी फेरी त्यातच गेली. ताई, हात गालापर्यंत परत आणायची सवय लागावी म्हणून तुम्ही मुलींकडून काय करून घेता?